अंडाशयातली साधी गाठ: सोनोग्राफी, एमआरआय आणि रिपोर्टबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोटात दुखतंय म्हणून किंवा पाळीच्या तक्रारीसाठी सोनोग्राफी होते आणि रिपोर्टात एक ओळ निघते: 'उजव्या अंडाशयात सिस्ट.' त्या रात्री घरात कुणाला धड झोप लागत नाही. मी रेडिओलॉजिस्ट आहे. तपासणीच्या टेबलावर आणि रिपोर्ट हातात घेताना बायका व त्यांच्या घरचे जे प्रश्न विचारतात, ते इथे उत्तरांसह लिहिले आहेत. माझं मत आधीच सांगते: अशा बहुतेक गाठींना सगळ्यात आधी नीट, वेळ देऊन केलेली सोनोग्राफी लागते, आणि ती झाली की पुष्कळदा ऑपरेशन लागतच नाही.

सिस्ट आहे म्हणजे कॅन्सर आहे का?

नाही. सिस्ट म्हणजे द्रवाने भरलेली पोकळी, इतकंच. पाळी येणाऱ्या बाईच्या अंडाशयात जवळजवळ दर महिन्याला अशी एखादी पोकळी तयार होते. बीज जिच्यात वाढतं ती फॉलिकल साधारण २ ते २.५ सेंमीची होते, फुटते, बीज बाहेर पडतं आणि मागे कॉर्पस ल्युटियम उरतं. डॉपलर (रक्तप्रवाह रंगात दाखवणारी सोनोग्राफीतली सोय) लावला की कॉर्पस ल्युटियमभोवती रक्तवाहिन्यांचं ठळक रंगीत कडं दिसतं. नवख्या माणसाला ते पाहून धडकी भरते, पण ते अगदी नैसर्गिक आहे. ३ सेंमीपर्यंतच्या या दोन्ही गोष्टी निरोगी अंडाशयाचाच भाग आहेत. रिपोर्टात त्यांना 'सिस्ट' म्हणून घबराट पसरवू नये असं मला मनापासून वाटतं, पण तसं सर्रास लिहिलं जातं.

कधी फॉलिकल वेळेवर फुटत नाही आणि वाढून ४-५ सेंमीची होते. अशा गाठी बहुतेक वेळा दोन-तीन पाळ्यांत आपोआप जिरतात.

पीसीओडी म्हणजे हीच गाठ ना?

नाही. पीसीओडीमध्ये अंडाशयात २ ते ९ मिलिमीटरच्या भरपूर बारीक फॉलिकल असतात. हा हार्मोनशी संबंधित त्रास आहे, त्यात काढून टाकण्यासारखी गाठ नसते. 'पीसीओडीच्या गाठी विरघळवून देतो' अशी जाहिरात दिसली तर तिकडे फिरकू नका.

आमची गाठ ६ सेंमीची आहे, शेजारच्या ताईंची ४ होती. म्हणजे आमची जास्त धोक्याची का?

आकड्यावरून तसं ठरत नाही. पातळ भिंतीची, आत निव्वळ पाणी असलेली ७ सेंमीची गाठ निर्धास्त असू शकते आणि आतून मांसल कोंब आलेली ३ सेंमीची गाठ काळजीची असू शकते. आकाराला महत्त्व आहे ते दुसऱ्या कारणांनी. गाठ मोठी असेल तर अंडाशयाला पीळ पडण्याची शक्यता वाढते. शिवाय फार मोठ्या गाठीचा सगळा भाग सोनोग्राफीत नीट दिसत नाही, एखादा कोपरा सुटू शकतो. म्हणून १० सेंमी किंवा त्याहून मोठी गाठ दिसायला साधी असली तरी तिला धोक्याच्या क्रमवारीत थोडी वरची पायरी दिली जाते.

आतून सोनोग्राफी कशाला? पोटावरून दिसत नाही का?

दिसतं, पण दुरून. पोटावरून बघताना कातडी, चरबी आणि आतडी मध्ये येतात. योनीमार्गातून केलेल्या तपासणीत प्रोब (सोनोग्राफीची दांडी) अंडाशयाच्या अगदी जवळ पोचतो, त्यामुळे बारीक पडदे, २-३ मिलिमीटरचे कोंब आणि नाजूक रक्तप्रवाह स्पष्ट दिसतात. तिला लघवी तुंबवावी लागत नाही, उलट मूत्राशय रिकामं हवं. पोटावरच्या तपासणीला मात्र मूत्राशय भरलेलं लागतं. मोठी गाठ ओटीपोटातून वर सरकलेली असते आणि आतून पूर्ण मावत नाही, म्हणून चांगली तपासणी बहुधा दोन्ही बाजूंनी होते.

आतल्या तपासणीचा आणखी एक उपयोग बायकांना क्वचितच कुणी सांगतं. प्रोबने हलकेच ढकललं की अंडाशय मोकळं सरकतं की गर्भपिशवीला चिकटून बसलंय ते तिथल्या तिथे कळतं. कुठे दाबल्यावर दुखतं तेही कळतं. एंडोमेट्रिओसिस (गर्भपिशवीच्या आतल्या अस्तरासारखा थर पिशवीबाहेर वाढणं) ओळखायला ही दोन निरीक्षणं फार मोलाची आहेत आणि ती छापील फोटोत उमटत नाहीत.

लग्न न झालेल्या, शरीरसंबंध न आलेल्या मुलींची अशी तपासणी आपल्याकडे करत नाहीत, आणि करूही नये. त्यांच्यासाठी पोटावरची सोनोग्राफी, तिने भागलं नाही तर एमआरआय. काही ठिकाणी संमती घेऊन गुदद्वारातून सोनोग्राफी करतात, तिच्यातही चित्र चांगलं येतं. विवाहित असो वा अविवाहित, तपासणीच्या वेळी सोबत बाई असावी असा आग्रह धरायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

पडद्यावर तुम्ही नेमकं काय शोधता?

आधी गाठ अंडाशयाचीच आहे का ते. तिच्या कडेला अंडाशयाचा उरलेला भाग आणि त्यातल्या फॉलिकल दिसल्या, तर उत्तर 'हो'.

मग भिंत: पातळ की जाड, आतून गुळगुळीत की खडबडीत. मग आतला द्रव: काळाभोर म्हणजे नितळ पाणी, धुरकट म्हणजे जुनं रक्त, चरबी किंवा चिकट स्राव. पडदे आहेत का, किती कप्पे झालेत. भिंतीतून आत वाढलेला मांसल भाग आहे का. या शेवटच्या प्रश्नावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण निरुपद्रवी आणि संशयास्पद यांतला फरक बहुतेक वेळा तिथेच ठरतो. रक्ताची गुठळी आणि मांस दोन्ही पडद्यावर करडंच दिसतं. पण प्रोबने टिचकी मारल्यागत हलवलं की गुठळी थरथरते, मांस थरथरत नाही. डॉपलरमध्ये गुठळीत रक्तप्रवाह नसतो. मांसात तो दिसू शकतो, आणि दिसला तर मी एकदम सावध होते.

हे सगळं एका भाषेत लिहिलं जावं यासाठी १९९९ मध्ये युरोपात आयोटा नावाचा संशोधकांचा गट सुरू झाला. त्यांनी २००८ मध्ये मांडलेले साधे नियम आजही रोज कामाला येतात. एकच कप्पा, मांसल भाग असलाच तर ७ मिलिमीटरपेक्षा लहान, गाठीमागे पडणारी सावली, १० सेंमीपेक्षा लहान गुळगुळीत बहुकप्पी गाठ, आणि रक्तप्रवाहाचा पूर्ण अभाव ही निरुपद्रवी असल्याची पाच चिन्हं. वेडीवाकडी मांसल गाठ, पोटात पाणी, चार किंवा अधिक कोंब, १० सेंमी वा त्याहून मोठी खडबडीत मिश्र गाठ, आणि भरपूर रक्तप्रवाह ही संशयाची पाच.

नुसत्या सोनोग्राफीवरून गाठीचं नाव सांगता येतं का?

बऱ्याचदा येतं.

रक्तस्राव झालेली सिस्ट, म्हणजे रिपोर्टातली 'हेमोरॅजिक सिस्ट', सगळ्यात फसवी आणि सगळ्यात निरुपद्रवी. फॉलिकल किंवा कॉर्पस ल्युटियममध्ये रक्त उतरतं, गोठतं, आणि आत कोळिष्टकासारखं बारीक जाळं तयार होतं. काही दिवसांनी गुठळी आकसून भिंतीच्या एका बाजूला बसते आणि तिची कड आत वळलेली दिसते. आत रक्तप्रवाह शून्य. दीड-दोन महिन्यांनी पाहिलं तर बहुधा नाहीशी झालेली असते. दुर्दैवाने अशाच गाठींसाठी घाईघाईने पोट उघडलं जातं, कारण पहिल्या दिवशी त्या दुखतात फार आणि दिसतातही विचित्र.

चॉकलेट सिस्ट म्हणजे एंडोमेट्रिओसिसची गाठ. दर पाळीला आत थोडं रक्त साठत जातं, ते घट्ट तपकिरी होतं. सोनोग्राफीत पूर्ण गाठ एकसारखी धुरकट करडी दिसते, भिंतीत कधी बारीक चमकणारे ठिपके असतात. ही रक्तस्रावाच्या सिस्टसारखी दोन महिन्यांत जिरत नाही, आणि दोघींतला फरक पुन्हा पाहण्यातूनच पक्का होतो. पाळीत असह्य दुखणं, संबंधाच्या वेळी दुखणं, मूल राहायला वेळ लागणं यांतलं काही असेल तर तपासणाऱ्याला जरूर सांगा. ही माहिती मिळाली की तो गर्भपिशवीच्या मागची बाजू आणि गुदाशयाची भिंतही बारकाईने बघतो.

डर्मॉइड म्हणजे जन्मतः असलेल्या पेशींपासून वाढणारी गाठ. आत चरबी, केस, कधी दात. तिच्यात पांढऱ्या रेषा आणि ठिपके दिसतात, एक चमकदार गोळा असतो आणि त्याच्या मागे दाट सावली पडते. ही सावली इतकी जबर असते की कधी फक्त वरची कड दिसते आणि बाकीची गाठ आतड्यातला वायू समजून सुटून जाते. १० सेंमीची डर्मॉइड आणि रिपोर्ट 'नॉर्मल' असं त्यामुळेच घडतं. तरुण मुलींत ही वारंवार आढळते, वर्षाला सरासरी २ मिलिमीटरही वाढत नाही. तिच्यात कॅन्सर होणं फार विरळ, पण पीळ पडण्याची भीती असते.

सिस्टअॅडिनोमा म्हणजे नव्याने वाढलेली, पण निरुपद्रवी गाठ. सीरस प्रकार पाण्याने भरलेला आणि बहुधा एका कप्प्याचा. म्युसिनस प्रकारात अनेक कप्पे आणि चिकट स्राव, आणि ती पोटभर वाढू शकते. या आपोआप जात नाहीत.

फायब्रोमा घट्ट मांसल असते, म्हणून सोनोग्राफीत घाबरवते. तिच्यासोबत कधी पोटात आणि छातीत पाणीही होतं. त्याला मेग्ज सिंड्रोम म्हणतात. चित्र हुबेहूब पसरलेल्या कॅन्सरचं, पण गाठ काढल्यावर पाणी ओसरतं.

गाठ अंडाशयाबाहेरची असू शकते का?

असते की. बीजनलिकेत पाणी साठलं (हायड्रोसाल्पिंक्स) की लांबट, वळलेली, अर्धवट पडद्यांची नळी दिसते आणि घाईत तिला 'बहुकप्पी सिस्ट' म्हटलं जातं. पिशवी काढलेल्या किंवा सिझेरियन झालेल्या बाईत चिकटलेल्या पदरांमध्ये अंडाशयाभोवती पाणी अडकतं. ती गाठच नव्हे, तिचं ऑपरेशन केलं तर पुन्हा पाणी साठतं. गर्भपिशवीला देठाने लटकलेला फायब्रॉइड (पिशवीच्या स्नायूची गाठ) अंडाशयाच्या मांसल गाठीचं सोंग घेतो. पिशवीतून त्याच्यात शिरणाऱ्या रक्तवाहिन्या डॉपलरवर दिसल्या की सोंग उघडं पडतं.

रिपोर्टाच्या शेवटी 'ओ-रॅड्स २' असं लिहिलंय. हा कॅन्सरचा स्टेज आहे का?

स्टेजशी याचा काडीचाही संबंध नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने २०२० मध्ये सोनोग्राफीसाठी ही गाठीचा धोका आकड्यात सांगणारी पद्धत जाहीर केली. ० म्हणजे तपासणी अपुरी, १ म्हणजे नॉर्मल अंडाशय. २ म्हणजे जवळजवळ नक्की निरुपद्रवी, कॅन्सरची शक्यता १ टक्क्याहून कमी. ३ म्हणजे १ ते १० टक्के, ४ म्हणजे १० ते ५० टक्के, ५ म्हणजे ५० टक्के किंवा जास्त. एमआरआयची ओ-रॅड्स पद्धत वेगळी आहे, तिच्यातले टक्के वेगळे. म्हणून आकडा कोणत्या तपासणीतला, ते आधी पाहा.

'दोन महिन्यांनी पुन्हा करा' म्हणजे धंदा वाढवायचा प्रकार नाही ना?

शंका समजते. पण पाळी चालू असलेल्या बाईत वेळ हीच एक तपासणी आहे, आणि तीही सगळ्यात स्वस्त. जी गाठ जिरली ती पाळीच्या चक्रातली होती, हे दुसरं काहीही न करता सिद्ध होतं. फक्त दिवस नीट निवडा. पाळी संपल्यावर लगेच, साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसात या. महिन्याच्या मधोमध आलात तर त्या महिन्याची नवी फॉलिकल दिसेल आणि पुन्हा घोळ होईल. दर पंधरा दिवसांनी सोनोग्राफी करण्यात मात्र काही अर्थ नाही.

एमआरआय कधी लागतो?

सोनोग्राफीने उत्तर मिळालं नाही तर: मांसल भाग आहे का गुठळी ते ठरत नाही, गाठ फार मोठी आहे, किंवा ती कुठून निघाली तेच कळत नाही. साध्या पाण्याच्या गाठीसाठी एमआरआय म्हणजे पैशांचा चुराडा.

एमआरआयची खरी कमाल चरबी आणि रक्त वेगळं करण्यात आहे. एमआरआयमध्ये टी-१, टी-२, डिफ्युजन अशी वेगवेगळ्या प्रकारची चित्रं काढतात. टी-१ चित्रात डर्मॉइडची चरबी आणि चॉकलेट सिस्टमधलं जुनं रक्त दोन्ही पांढरंशुभ्र दिसतं. मग चरबी दाबणारं चित्र घेतात. डर्मॉइड काळी पडते, चॉकलेट सिस्ट पांढरीच राहते, आणि वाद तिथेच मिटतो. टी-२ चित्रात चॉकलेट सिस्ट बहुधा काळवंडते, आणि फायब्रोमासारखी तंतुमय गाठही काळी दिसते. मांसल भाग टी-२ आणि डिफ्युजन या दोन्ही चित्रांत काळा असेल, तर तो निरुपद्रवी असल्याची जवळजवळ खात्री देता येते.

संशयाच्या गाठीत शिरेतून चित्र ठळक करणारं गॅडोलिनियमचं औषध देतात आणि मांसल भाग ते किती झपाट्याने शोषतो ते मोजतात. त्याआधी मूत्रपिंडं नीट चालतात ना हे कळावं म्हणून रक्तातलं क्रिएटिनिन बघतात. एमआरआयमध्ये किरणोत्सर्ग नसतो. काही तास उपाशी यायला सांगतात, आतड्यांची हालचाल थांबवणारं इंजेक्शन देऊ शकतात. पेसमेकर किंवा शरीरात काही धातू असेल तर आधी सांगा.

मग सीटी किंवा पेट स्कॅन?

गाठ साधी आहे का हे ठरवायला सीटी कमी पडतो, आणि त्यात किरणोत्सर्ग आहे. कॅन्सर कुठवर पसरला ते पाहायला तो उत्तम. दुसऱ्याच कारणाने काढलेल्या सीटीत डर्मॉइड अचानक सापडते, कारण चरबी आणि दात त्यात चटकन ओळखू येतात. पेट स्कॅन इथे दिशाभूल करू शकतो. पाळी चालू असलेल्या बाईचं निरोगी कॉर्पस ल्युटियमही त्यात झळकतं.

सीए-१२५ वाढलंय. आता काय?

सीए-१२५ हा रक्तात मोजला जाणारा पदार्थ, अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये तो वाढू शकतो. पण वय आणि सोनोग्राफी पाहिल्याशिवाय त्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. ३५ ही नेहमीची मर्यादा. पण पाळीत, गरोदरपणात, एंडोमेट्रिओसिसमध्ये, फायब्रॉइडमध्ये, ओटीपोटाच्या जंतुसंसर्गात तो वाढतो. आपल्याकडे तर पोटाचा टीबी विसरून चालतच नाही: पोटात पाणी, वजन घटलेलं, सीए-१२५ शेकड्यांत, आणि निदान टीबी. उलट, सुरुवातीच्या टप्प्यातल्या अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये जवळपास निम्म्या बायकांत तो नॉर्मल असतो. चाळिशीच्या आतल्या बाईत साधी सिस्ट दिसली असेल तर ही टेस्ट सहसा लागतच नाही. तरुण मुलीत मांसल गाठ असेल तर एएफपी, एलडीएच आणि बीटा-एचसीजी या रक्ताच्या वेगळ्या टेस्ट महत्त्वाच्या.

आईची पाळी जाऊन दहा वर्षं झाली आणि आता सिस्ट निघाली. काढूनच टाकायची ना?

लगेच नको. पाळी गेल्यावरही लहान पाण्याच्या गाठी पुष्कळ बायकांत सापडतात. एका बाजूची, एका कप्प्याची, ५ सेंमीपेक्षा लहान आणि सीए-१२५ नॉर्मल असेल, तर ब्रिटनमधल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शनानुसार चार ते सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करतात. वर्षभर ती तशीच राहिली तर पाठपुरावा थांबवता येतो. मात्र या वयात 'हेमोरॅजिक सिस्ट' असं निदान कुणी केलं तर दुसरं मत घ्या. बीजच तयार होत नसताना तशी गाठ सहसा होत नाही.

गरोदरपणात गाठ दिसली तर?

बहुतेक वेळा ते गर्भाला आधार देणारं कॉर्पस ल्युटियमच असतं आणि दुसऱ्या तिमाहीपर्यंत मावळतं. चॉकलेट सिस्ट गरोदरपणात कधीकधी आतून कोंब आल्यासारखी दिसते आणि कॅन्सरचा संशय येतो. तिथे अनुभवी तपासणाऱ्याला दाखवावं, लागल्यास गॅडोलिनियम न देता एमआरआय करावा. गरोदर बाईची कोणतीही सोनोग्राफी असो, गर्भलिंग निदान प्रतिबंधक कायद्याप्रमाणे एफ फॉर्म (तपासणीच्या नोंदीचा कागद) भरावाच लागतो. असा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्येच, केंद्राच्या सहा वर्षं आधी केला. ओळखपत्र मागितलं तर रागावू नका.

गाठ आहे आणि रात्री अचानक जोरात दुखायला लागलं तर?

सकाळची वाट पाहू नका. एका बाजूला असह्य कळ आणि उलट्या म्हणजे अंडाशयाला पीळ पडला असू शकतो. अंडाशय सुजून मोठं होतं, फॉलिकल कडेला ढकलल्या जातात, रक्तवाहिन्यांचा भोवऱ्यासारखा वेढा दिसतो. एक गोष्ट नीट लक्षात घ्या: डॉपलरवर रक्तप्रवाह दिसला म्हणून पीळ नाही असं म्हणता येत नाही. लक्षणं जोरदार असतील तर 'फ्लो आहे' या दोन शब्दांवर घरी पाठवणं योग्य नाही. वेळेत पीळ सोडवला तर अंडाशय वाचतं. चक्कर, घाम, पोट टम्म फुगणं असेल तर गाठ फुटून आत रक्तस्राव झाला असेल, तेव्हाही तातडीने दवाखाना गाठा.

सुई घालून पाणी काढून तपासलं तर सरळ कळेल ना?

निदानासाठी तसं करत नाहीत. द्रवात पेशी कमी असतात, रिपोर्ट 'काही नाही' येऊन खोटा दिलासा मिळतो. साधी गाठ पुन्हा भरते, आणि चुकून कॅन्सर निघालाच तर द्रव पोटात सांडून आजाराचा टप्पा वाढतो.

साधी आहे म्हणताय, मग आत ठेवून दिली तर पुढे कॅन्सर होणार नाही कशावरून?

आयोटा गटाने २०१९ मध्ये याच प्रश्नाचं उत्तर प्रसिद्ध केलं. सोनोग्राफीत निरुपद्रवी दिसलेल्या आणि ऑपरेशन न करता लक्ष ठेवलेल्या गाठींच्या १,९१९ बायका त्यांनी तपासल्या. दोन वर्षांत साधारण पाचांपैकी एकीची गाठ आपोआप गेली. कॅन्सर निघाला ०.४ टक्क्यांत, पीळ पडला ०.४ टक्क्यांत, गाठ फुटली ०.२ टक्क्यांत. ऑपरेशनचेही धोके असतात: आतडं किंवा मूत्रनलिका दुखावणं, आणि चॉकलेट सिस्ट काढताना निरोगी अंडाशयाचा भाग जाऊन बीजांचा साठा घटणं. मूल हवं असलेल्या मुलीसाठी हा हिशेब फार महत्त्वाचा आहे. दुखणं थांबत नसेल, गाठ वाढत असेल किंवा तिचं रूप बदलत असेल, तर दुर्बिणीतून काढणं योग्यच.

तपासणीला येताना काय आणायचं?

शेवटची पाळी कधी आली ती तारीख. चालू गोळ्या, त्यातही हार्मोनच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या. आधीच्या ऑपरेशनचे कागद. घरात आई, मावशी, आत्या, बहीण यांपैकी कुणाला अंडाशयाचा किंवा स्तनाचा कॅन्सर झाला असेल तर ते सांगा, वडिलांच्या बाजूचंही सांगा. आणि जुन्या सोनोग्राफीचे रिपोर्ट चित्रांसकट. नुसत्या टाइप केलेल्या पानावर 'सिस्ट ४.२ × ३.८' एवढंच असतं, चित्र असेल तर गाठ आतून बदलली का ते मला ताडून पाहता येतं. फोनमध्ये फोटो असले तरी चालतील, फक्त चित्रांची पानं सरळ धरून, चमक न येऊ देता काढलेली असू द्यात.